खंडेनवमीच्या आधी : संगणकाची सुरक्षित साफसफाई



नवरात्र जवळ आले की घरोघरी आवराआवर सुरू होते. खंडेनवमीला, म्हणजेच आपले कन्नड शेजारी ज्याला आयुधपूजा म्हणतात त्या दिवशी, विळा-कोयता, नांगर, शिवणयंत्र व मोटारसायकल यांच्या रांगेत आता संगणकही असतो. पूजेआधी वस्तू स्वच्छ करावी हा आपला जुना रिवाज, आणि तो चांगलाच आहे. पण नांगराचा फाळ पाण्याने धुतला किंवा मोटारसायकलवर बादलीभर पाणी ओतले तरी चालते, तसे संगणकाचे चालत नाही. धुळीने संगणक हळूहळू बिघडतो, पण चुकीच्या साफसफाईने एका दुपारी बिघडतो. शिवाय त्यात विजेचा संबंध असल्याने माणसालाही धोका असतो. म्हणून या वेळच्या पाठात आपण घरच्या व शाळेच्या टेबलावरील संगणकाची साफसफाई पाहू. त्यातले काय मुलांनी करावे, काय मोठ्यांनी आणि कशाला कोणीच हात लावू नये, हे नीट समजून घेऊ.

प्रथम धुळीचा विचार करू, कारण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत धुळीची कमतरता नाही. बीदर व हुमनाबादकडे जांभा दगड आणि त्याची लाल माती, तर औराद-भालकीकडे काळी रान. कलबुर्गी, आळंद, चिंचोळीकडे तुरीची रास झाली की खळ्यावरचा भुसा वाऱ्यावर गावात येतो आणि डाळ मिलच्या आसपास तर वर्षभर तो हवेतच असतो. शहाबादला फरशीची भुकटी, वाडी-सेडमकडे सिमेंट. शाळेत याच्या जोडीला खडूची पूड. हे सगळे मिळून आपल्या संगणकाच्या पोटात जाते. कसे जाते? संगणकाच्या पेटीत, ज्याला आपण सरसकट 'सीपीयू' म्हणतो, एक किंवा अधिक पंखे असतात. ते बाहेरची हवा आत ओढतात व गरम हवा बाहेर टाकतात. हवेबरोबर धूळ येते. हवा बाहेर जाते, धूळ आत राहते. (खरे तर सीपीयू म्हणजे आतली ती छोटी चीप, प्रोसेसर. पेटीचे नाव कॅबिनेट. परीक्षेत हा प्रश्न आला तर लक्षात असू द्या.)

प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. उष्णता चिपमधून पट्ट्यांत व पट्ट्यांतून पंख्याच्या वाऱ्यात जाते. पट्ट्यांमधल्या फटीत धूळ साचून घोंगडीसारखा थर बसला की वारा पलीकडे जात नाही. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर संगणक आपोआप बंद पडतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४० अंशांच्या वर पारा असतो, त्यामुळे त्या दिवसांत हे जास्त घडते. संगणक हळू चालतो म्हटल्यावर बहुतेक जण व्हायरस आला असे समजून 'फॉरमॅट मारून' घेतात. फॉरमॅट करण्याआधी एकदा पंख्याकडे पाहावे, असे आम्हांला वाटते. कित्येकदा आजार तिथेच असतो.

पावसाळ्यात दुसरीच गोष्ट घडते. कोरडी धूळ फारसे काही करत नाही, पण ओल शोषलेली धूळ वीज वाहू देते आणि धातूला गंजवते. हे आपल्या बीदरकरांना वेगळे सांगायला नको. बिदरी कामात जस्त व तांब्याच्या मिश्रधातूच्या भांड्यावर चांदीचे नक्षीकाम झाल्यावर किल्ल्यातली माती व नवसागर पाण्यात कालवून लावतात. त्याने भांडे काळेभोर होते व चांदी तशीच चमकत राहते. ती माती खास निवडलेली असते, आपल्या खोलीतली धूळ तशी नव्हे. पण माती, क्षार आणि पाणी एकत्र आले की धातूवर काहीतरी होतेच, एवढे त्यावरून मुलांना पटावे. कारागिराला ते हवे असते, आपल्याला नको असते.

म्हणून आपल्या भागासाठी वर्षातून दोनदा पेटी उघडून साफसफाई करणे योग्य. एकदा पावसाळा सरल्यावर, म्हणजे खंडेनवमीच्या आधी. दुसरी, तुरीच्या राशी आटोपून ऊन तापायला लागण्यापूर्वी, साधारण होळी व गुढीपाडव्याच्या मधल्या दिवसांत. बाहेरून पुसण्याचे काम मात्र दर आठवड्याचे आहे.

आधी वीज

कोणतीही वस्तू पुसण्यापूर्वी संगणक रीतसर शट-डाउन करा. महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, साफसफाईनंतर हार्डडिस्क रुसली तर रडायची पाळी नको. मग भिंतीवरचे बटण बंद करा आणि पिन सॉकेटमधून ओढून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते आणि तेव्हा बटण बंद असूनही यंत्रात वीज असते. वायर धरून ओढू नका, पिन धरून ओढा.

यूपीएस असेल तर आणखी सावध राहा. त्याच्या पोटात बॅटरी असते, त्यामुळे भिंतीवरची पिन काढली तरी तो वीज देतच राहतो. यूपीएस त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करून संगणकाची वायर त्याच्यातून काढली पाहिजे. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या खोलीतही हेच लक्षात ठेवावे, लाइट गेली म्हणजे वीज नाही असे तिथे होत नाही.

सर्व वायरी काढल्यावर कॅबिनेटचे चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज त्याने बरीचशी निघून जाते. नंतर पाच-दहा मिनिटे थांबा. मधल्या वेळात वायरी कुठे कशा लावल्या होत्या याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून घ्या. (फोटो वायरी काढण्याआधी काढायचा, हे सांगायला नकोच.)

आता एक गोष्ट दहावीच्या मुलांनी गणिताने समजून घ्यावी. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, पण ती एसी असल्याने हा आकडा परिणामी मूल्याचा आहे. तिचे शिखर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जिथे पिन लागते, ती पत्र्याची पेटी म्हणजे एसएमपीएस. त्यातले मोठे कपॅसिटर साधारण एवढ्या व्होल्टेजला भरलेले असतात आणि पिन काढल्यानंतरही काही वेळ ती वीज धरून ठेवू शकतात. म्हणून एसएमपीएसची पेटी कोणीही, अगदी हौशी शिक्षकांनीसुद्धा, उघडू नये. बाहेरच्या जाळीवरून कोरडा ब्रश फिरवावा, बस्स. त्यातून जळका वास येत असेल किंवा पंखा कण्हत असेल तर तो बदलायचा असतो, साफ करायचा नसतो. जुना डब्यासारखा खोल मॉनिटर कोणाच्या घरी असेल तर त्यालाही हाच नियम. त्याच्या काचेच्या नळीपाशी हजारो व्होल्ट असतात आणि ते बंद केल्यावरही टिकू शकतात.

उलट दिशेचा धोकाही आहे, आपल्या अंगातल्या विजेचा. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट किंवा लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ती स्थिर वीज. बोटाला ठिणगी जाणवते तेव्हा ती साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे असते. तिच्यातली ऊर्जा अगदी नगण्य असल्याने आपल्याला काही होत नाही. पण चिपला त्याहून कितीतरी कमी, काही शे व्होल्टसुद्धा पुरतात, आणि ते आपल्याला जाणवतही नाहीत. म्हणून आतल्या भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात टेकवावा व मधूनमधून टेकवत राहावे. सुती कपडे घालावेत. सतरंजीवर बसून हे काम करू नये.

काय हाताशी घ्यावे

फार खर्च नाही. चित्रकलेचा मऊ रुंद ब्रश, एक अगदी कोरडा व नवा. धुतलेल्या जुन्या सुती धोतराचे किंवा मलमलीचे दोन तुकडे, मिळाल्यास मायक्रोफायबरचे फडके. हाताने दाबायचा रबरी फुगा, कॅमेरेवाल्यांकडे मिळतो तो. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. पाणी लागलेच तर डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकत मिळते. बाटलीवरचे नाव नीट वाचून घ्यावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही असते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'आयपीए' नावाचे द्रव मिळते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिकट डागांना ते उत्तम, पण ते पेट घेते. देवघराजवळ, गॅसजवळ त्याचे झाकण उघडू नये व मुलांच्या हाती देऊ नये.

रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी प्लास्टिक विरघळते व खोलीत भडका उडू शकतो, ही तिन्ही पूर्ण वर्ज्य. आणखी एक सवय आमच्या नेहमी पाहण्यात येते. कॅबिनेट स्कूटरवर ठेवून पंक्चरच्या दुकानात न्यायचे आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची. धूळ निघते खरी. पण त्या हवेत टाकीतले पाणी व तेलाचा अंश असतो, तो सगळा मदरबोर्डवर बसतो. दाब इतका असतो की बारीक सुटा भाग उडून जाईल. पंखा भन्नाट वेगाने फिरून त्याची बेअरिंग खराब होते ते वेगळेच. तोंडाने फुंकर मारण्यातही थुंकीचे थेंब जातात. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची प्लास्टिकची नळी धुळीबरोबर घासून स्थिर वीज निर्माण करते, म्हणून ती आत घालू नये. बाहेरच्या जाळीला लावायला हरकत नाही.

पेटी उघडणे

हे काम मोठ्यांचे, आठवीपासूनच्या मुलांनी शेजारी उभे राहून पाहावे. संगणक वॉरंटीत असेल आणि पत्र्यावर सील चिकटवलेले असेल तर उघडूच नये, कंपनीच्या माणसाला बोलवावे. एरवी कॅबिनेट ओसरीत किंवा व्हरांड्यात न्यावे, नाकाला रुमाल किंवा मास्क बांधावा, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. डाव्या बाजूचा पत्रा काढला की आतले सर्व दिसते.

ब्रश वरून खाली, हलक्या हाताने. पंख्याचे पाते एका बोटाने धरून ठेवावे व मगच झटकावे. हीटसिंकच्या फटीतली धूळ ब्रशच्या टोकाने सैल करून फुग्याच्या हवेने बाहेर काढावी. हीटसिंक स्वतः काढू नये. तो व प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. हीटसिंक एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, तशीच दाबून बसवली तर संगणक आधीपेक्षा जास्त तापतो. ते काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने घासायची युक्ती गावोगावी चालते, आणि संगणक चालू होताना नुसताच बीप-बीप करत असेल तेव्हा ती उपयोगीही पडते. पण तो सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. दर साफसफाईला घासत गेलो तर एक दिवस तो उरणार नाही. बिघाड नसेल तर रॅमला हात लावू नये. लागलाच तर पांढरा मऊ रबर वापरावा आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये न पडेल असे पाहावे. शाई खोडायचा खरखरीत रबर नको.

हार्डडिस्कला बाहेरून कोरडे फडके लावावे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर एक बारीक भोक असते, ते हवेचा दाब सारखा राहावा म्हणून मुद्दाम ठेवलेले असते, त्यावर चिकटपट्टी लावू नये. ती उघडून पाहण्याचा मोह मुलांना होतो. पण त्यात वाचणारे टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपल्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर, म्हणजे ५०,००० नॅनोमीटरहून अधिक. धुळीचा एखादा कण त्या टोकाला डोंगरासारखाच.

आत पाली, झुरळे, मुंग्या सापडल्या तर दचकू नका. ऊब असते म्हणून त्या येतात. संगणकाच्या इतिहासात याला मोठाच मान आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ संगणकाच्या एका रिलेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकून मेलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ती वही आजही तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याकडे मात्र उंदीर हा खरा शत्रू. कॅबिनेटच्या मागची पत्र्याची रिकामी पट्टी कोणीतरी काढून तशीच उघडी ठेवलेली असते, तेच उंदराचे दार. ती पट्टी दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, लावून घ्यावी.

मुलांच्या हातचे काम

कळफलक, म्हणजे कीबोर्ड, वायर काढून उलटा करावा व तळाशी हलकेच थोपटावे. खाली वर्तमानपत्र अंथरा, काय काय पडते ते पाहून घरात हसू येईल : चिवड्याचे पोहे, पेन्सिलीचा भुगा, नखे. मग किल्ल्यांच्या मधून ब्रश. त्यानंतर किंचित ओले, पण घट्ट पिळलेले फडके. द्रव नेहमी फडक्यावर घ्यावे, वस्तूवर कधीही फवारू नये. चहा सांडला तर आधी संगणक बंद करून वायर काढा, कीबोर्ड पालथा घाला आणि निदान एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवू नका.

माउसच्या तळाच्या भोकात लाल दिवा असतो, तिथे एखादा केस अडकला तरी बाण पडद्यावर थरथरतो. कोरड्या कापसाच्या काडीने तो काढा. पायाखालच्या चार चकत्यांवर मळाची वळी साचते, ती नखाने निघते.

पातळ मॉनिटरचा पडदा काच नसून बहुधा प्लास्टिकचा, लेप दिलेला असतो. बंद करून, गार झाल्यावर कोरड्या मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसावा. दाबू नये. वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासणे, किंवा काच पुसण्याचे फवारे ज्यांत बऱ्याचदा अमोनिया किंवा अल्कोहोल असते, हे दोन्ही टाळावे. धुळीवर कोरडे फडके रगडले तर वाळूसारखे ओरखडे पडतात, म्हणून आधी ब्रश, मग फडके.

प्रिंटरचे काम शिक्षकांकडेच राहू द्यावे. लेझर प्रिंटरमध्ये एक भाग इतका तापतो की हात भाजेल. त्याची काळी भुकटी, टोनर, सांडली तर फुंकर मारू नये, श्वासात जाते. गरम पाण्यानेही पुसू नये, कारण ती मुळात उष्णतेने वितळून कागदाला चिकटावी अशीच बनवलेली असते. कपड्यावर सांडली तर आधी कोरडीच झटकून मग गार पाण्याने धुवावी.

खोलीविषयी थोडे

विश्वस्त मंडळींसाठी आमच्या काही सूचना आहेत. संगणक कक्षात खडूचा फळा असेल तर तिथे मार्करचा पांढरा फळा लावावा. शहाबादी फरशीवर केरसुणी मारली की धूळ गुडघाभर उडते, तिथे ओल्या फडक्याने पुसून घेण्याची पद्धत ठेवावी. चपला दाराबाहेर. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता एक-दीड फूट उंच स्टुलावर, भिंतीपासून वीतभर दूर. कापडी आच्छादन काम संपल्यावर व यंत्र गार झाल्यावरच घालावे. कित्येक घरांत भरतकाम केलेला सुंदर रुमाल चालू मॉनिटरच्या झरोक्यांवर पसरलेला दिसतो, तो करणाऱ्या माउलीची क्षमा मागून सांगावे लागते की तो थोडा वेळ बाजूला ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, कक्षातील अर्थिंग वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून तपासून त्याची नोंद ठेवावी. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार एकाही मुलाने केली तर त्याच दिवशी तो संगणक बंद ठेवावा, हसण्यावारी नेऊ नये. तीन पिनांपैकी जाड पिन तोडून ती दोन पिनांच्या सॉकेटात घालणे आपल्या घरांतून अजूनही चालते, पालकांनी ते आजच थांबवावे.

पूजेच्या दिवशी हळद-कुंकू कॅबिनेटच्या पुढच्या सपाट भागावर बोटभर लावावे. अक्षता, फुले व पाण्याचे शिंतोडे वरच्या जाळीवर नकोत, ते सरळ आत पडतात. उदबत्तीची राख व कापराची काजळीही आत ओढली जाते, म्हणून पूजा होईतो संगणक बंद आणि निरांजन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

साफसफाई झाल्यावर पत्रा लावा, वाटीतला एकही स्क्रू उरला नाही ना पाहा. आत पडलेला स्क्रू शॉर्ट सर्किट करू शकतो. ओले फडके लावले असेल तर तासभर वाळू द्या. मग फोटोप्रमाणे वायरी जोडून, पिन लावून संगणक चालू करा.

करून पाहा : साफसफाईच्या आदल्या दिवशी संगणक अर्धा तास चालवून पुन्हा सुरू करा व बायोसच्या पडद्यावर जा. बहुतेक संगणकांत सुरुवातीला 'डिलीट' किंवा 'एफ-२' ही कळ दाबली की तो उघडतो. तिथे हार्डवेअर मॉनिटर या सदरात प्रोसेसरचे तापमान आणि पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात ते दिलेले असते. दोन्ही आकडे वहीत लिहा, शेजारी खोलीचे तापमानही लिहा. तिथले दुसरे काही बदलू नका, 'एस्केप' दाबून बाहेर या. साफसफाईनंतर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आकडे घ्या आणि दोन्हींतला फरक काढून वही विज्ञानाच्या बाईंना दाखवा.